रुग्णसेवा आणि विम्याचा हक्क : उपासक कुटुंबांसाठी अभ्यासपाठ



धम्मदीक्षा घेतल्यावर आपल्या घरातून देव्हारा गेला. भिंतीवर तथागतांची आणि परमपूज्य बाबासाहेबांची प्रतिमा आली. त्रिशरण आणि पंचशील मुलांच्या तोंडी बसले. नामकरण, लग्न, पुण्यानुमोदन हे विधी बौद्ध पद्धतीने होऊ लागले. हे सर्व योग्यच झाले. परंतु धम्म हा केवळ विधींचा विषय नाही. घरात कोणी अंथरुणाला खिळले, कामावर अपघात होऊन कोणाचा हात गेला, किंवा एखादे मूल जन्मतःच अधू निघाले, तर त्या घरातील माणसे कशी वागतात, शेजारीपाजारी कसे वागतात आणि वस्तीतील विहार काय करतो, यावरून धम्म आपल्या अंगी किती मुरला हे ठरते.

गरिबाच्या घरी आजारपणाचे दुःख दुहेरी असते. शरीराचे दुःख असतेच, पण त्याच्या पाठोपाठ पैशाचे दुःख येते. एक ऑपरेशन निघाले की मंगळसूत्र गहाण पडते, सावकाराचे व्याज सुरू होते आणि थोरल्या मुलीची शाळा सुटते. रोगी बरा होतो, कर्ज मात्र बरे होत नाही. या दुसऱ्या दुःखावर समाजाने काढलेला उपाय म्हणजे सार्वजनिक आरोग्य विमा. तो टिकविणे हे राजकारणातील पुढाऱ्यांचे काम आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे पुष्कळांना वाटते. हा संबंध धम्माचाच आहे, हे या पाठात पाहावयाचे आहे.

१. विनयातील प्रसंग

विनयपिटकातील महावग्गात, चीवरखंधकात, हा प्रसंग आला आहे. एका भिक्खूला पोटाचा विकार जडला होता. तो इतका क्षीण झाला होता की आपल्याच मलमूत्रात पडून होता. भिक्खूंच्या निवासांची पाहणी करीत भगवान बुद्ध आनंदासह तेथे आले. तुझी सेवा करणारा कोणी आहे काय, असे भगवंतांनी त्याला विचारले. कोणी नाही, असे तो म्हणाला. का नाही, असे विचारता त्याने सांगितले की आपण इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते आपली सेवा करीत नाहीत.

भगवंतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. भगवंतांनी पाणी ओतले आणि आनंदाने त्याचे अंग धुतले. मग भगवंतांनी डोक्याकडून व आनंदाने पायांकडून धरून त्याला उचलले आणि मंचकावर निजविले. त्यानंतर भगवंतांनी भिक्खुसंघ एकत्र बोलावला व त्यांना कारण विचारले. भिक्खूंनीही तेच उत्तर दिले : तो आमच्या उपयोगी पडत नाही. तेव्हा भगवंतांनी त्यांना समजावले की घरदार सोडून आलेल्या तुम्हांला आता सेवा करावयास आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांकडे पाहिले नाही तर कोण पाहणार? ज्याला तथागतांची सेवा करावयाची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी, असा त्या उपदेशाचा आशय आहे.

भगवंत उपदेश करून थांबले नाहीत. त्यांनी नियम घातला. आजारी भिक्खूचा उपाध्याय असेल तर तो बरा होईपर्यंत उपाध्यायाने सेवा करावी. आचार्य असेल तर आचार्याने, शिष्य असेल तर शिष्याने करावी. यांपैकी कोणीच नसेल तर संघाने करावी. संघाने केली नाही तर संघाला दुक्कटाचा दोष लागतो.

२. नियमाचा अर्थ

या प्रसंगातून तीन गोष्टी शिकावयाच्या आहेत.

पहिली गोष्ट. माणूस उपयोगी असेल तरच त्याची सेवा करावी, ही अट भगवंतांनी मोडली. त्या भिक्खूने पूर्वी काय काम केले, पुढे तो काय काम करील, याची चौकशी भगवंतांनी केली नाही. तो आजारी आहे आणि त्याला पाहणारे कोणी नाही, एवढेच त्यांनी पाहिले.

दुसरी गोष्ट. सेवा हा दयेचा नव्हे, नियमाचा विषय झाला. दया आज वाटते, उद्या वाटत नाही. ओळखीच्या माणसाची येते, अनोळखी माणसाची येत नाही. आणि आपल्या समाजाला तर दयेचा अनुभव चांगलाच आहे. वरून ओंजळीत पाणी ओतणाऱ्याला आपण दयाळू आहोत असेच वाटत होते! नियमाचे तसे नसते. नियम सर्वांना सारखा लागू होतो आणि तो मोडला तर दोष लागतो.

तिसरी गोष्ट. ज्याला कोणी नाही त्याची जबाबदारी सबंध संघावर टाकली. हा भार एकट्यादुकट्यावर पडला तर तो माणूस मोडतो. सर्वांनी वाटून घेतला तर कोणीच मोडत नाही.

चांगला रुग्ण कोणता आणि चांगला सेवक कोणता, हेही भगवंतांनी त्याच ठिकाणी सांगितले आहे. चांगला रुग्ण पथ्य पाळतो, प्रमाण जाणतो, औषध घेतो, आजाराचे खरे वर्तमान सांगतो आणि वेदना सोसतो. चांगल्या सेवकाला औषध सिद्ध करता येते. काय मानवते आणि काय मानवत नाही हे त्याला कळते. तो लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करतो. त्याला मलमूत्राची किळस येत नाही आणि चार धीराचे शब्द सांगून तो रुग्णाला उभारी देतो. प्रत्येक उपासक-उपासिकेने हे दहा गुण मुखोद्गत करून ठेवावेत.

३. पूर्वजन्माच्या पापाची खोटी समजूत

पुढे जाण्यापूर्वी एक अडथळा दूर केला पाहिजे. दीक्षा घेतल्यानंतरही काही घरांत जुनी समजूत दबा धरून बसलेली आढळते. अधू मूल जन्मले की हे मागल्या जन्मीचे भोग आहेत असे म्हणतात. मग देवऋषी होतो, उतारा होतो, गंडेदोरे होतात. मुलाला पाहुण्यांसमोर आणत नाहीत. त्याचे नाव शिधापत्रिकेत घालत नाहीत, दाखला काढीत नाहीत. लाजेपोटी मुलाला लपविले जाते, आणि जे मूल लपविले जाते त्याला कोणताही हक्क मिळत नाही.

भगवंतांची शिकवण याच्या उलट आहे. संयुक्तनिकायात सीवक नावाच्या परिव्राजकाने भगवंतांना प्रश्न विचारला आहे. माणसाला जे सुखदुःख भोगावे लागते ते सर्व पूर्वकर्माचेच फळ असते, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात; आपले मत काय? भगवंतांनी हे मत नाकारले. पित्त, कफ, वात, ऋतूंचा पालट, अयोग्य राहणी, अपघात अशा कारणांनीही वेदना होतात, आणि हे प्रत्येकाला स्वतः पडताळून पाहता येते, असे त्यांनी सांगितले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनीही गतजन्मीच्या कर्माने या जन्मीचे भोग ठरतात हा सिद्धान्त स्वीकारलेला नाही. तो सिद्धान्त मान्य केला म्हणजे गरिबाच्या गरिबीला आणि रोग्याच्या रोगाला समाज जबाबदार राहत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

२०११ च्या जनगणनेत भारतात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. सबंध लोकसंख्येत त्यांचे प्रमाण शेकडा २.२१ होते. अनुसूचित जातींत ते शेकडा २.४५ होते. या फरकाचे कारण पूर्वजन्मात शोधावयाचे नाही. ते आईच्या ताटात, बाळंतपणाच्या खोलीत आणि धोक्याच्या कामाच्या जागी शोधावयाचे आहे. कारण सापडले म्हणजे दुःखाचा निरोध शक्य होतो. चार आर्यसत्यांचा रोजच्या जीवनातील अर्थ हाच आहे.

४. मालकाचे कर्तव्य आणि बाबासाहेबांचे मजूर खाते

भगवंतांनी गृहस्थांसाठीही असा नियम सांगितला आहे. सिगालोवाद सुत्तात मालकाने नोकराशी कसे वागावे याची पाच कर्तव्ये आहेत. त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात त्याची शुश्रूषा करावी, घरातील गोडधोड त्याला वाटून द्यावे आणि वेळोवेळी सुट्टी द्यावी. यांतील तिसरे कर्तव्य नीट ध्यानात ठेवा. आजारी पडलेल्या कामगाराला हाकलून द्यावे असे धम्म सांगत नाही.

पण मालक आपण होऊन हे कर्तव्य पाळील, या आशेवर कामगाराने किती पिढ्या काढावयाच्या? त्यासाठी कायदा लागतो. बाबासाहेबांनी हे फार लवकर हेरले होते. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात स्त्री कामगारांच्या बाळंतपणाच्या साहाय्याचे बिल आले, तेव्हा त्यांनी त्याला पाठिंबा दिला आणि या खर्चाचा भार सरकारनेही उचलला पाहिजे असे मांडले. पुढे जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्या खात्याने मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आदारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम सोपविले. आदारकरांनी १९४४ साली अहवाल दिला. त्याच्या पायावर एप्रिल १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा संमत झाला. त्या वेळी मजूर खाते बाबू जगजीवनराम यांच्याकडे होते आणि बाबासाहेब कायदामंत्री होते. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे योजना प्रत्यक्ष सुरू झाली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा कायदा सामावून घेण्यात आला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. पुस्तक बदलले, तरी ‘ईएसआय’ या नावाने कामगाराला माहीत असलेला विमा चालू आहे.

५. विमा म्हणजे काय?

विमा हा शब्द ऐकला की एजंट आणि हप्ता आठवतो. त्यातील मूळ विचार साधा आहे. शंभर घरांपैकी यंदा कोणाच्या घरी मोठे दुखणे येईल हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून शंभर जणांनी थोडे थोडे एकत्र ठेवावे आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याच्यासाठी ते खर्च करावे. धडधाकट माणसाचा पैसा आजाऱ्याच्या कामी येतो. उद्या तोच आजारी पडला तर दुसऱ्याचा पैसा त्याच्या कामी येतो. यात देणारा मोठा नाही आणि घेणारा लहान नाही.

खासगी विमा कंपनी आणि सार्वजनिक विमा यांत मात्र मोठा फरक आहे. कंपनी नफ्यासाठी असते. ज्याला आधीच आजार आहे, जो वृद्ध आहे, जो अपंग आहे, तो तिला तोट्याचा गिऱ्हाईक वाटतो. ती त्याच्याकडून जास्त हप्ता मागते किंवा त्याला बाजूला सारते. सार्वजनिक विम्याने याच माणसाला आधी आत घ्यावयाचे असते. तो उपयोगी नाही म्हणून त्याला वगळले, तर त्या आजारी भिक्खूला टाकून देणाऱ्यांपेक्षा आपण शहाणे झालो असे म्हणता येणार नाही.

ईएसआय विम्याचा हिशेब पाहा. जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगारातून शेकडा ०.७५ आणि मालकाकडून शेकडा ३.२५ असा हिस्सा ठरला. म्हणजे दहा हजार पगार असेल तर कामगाराचे ७५ रुपये आणि मालकाचे ३२५ रुपये जातात. पगाराची मर्यादा २०१७ पासून महिना २१,००० रुपये व अपंग कामगारासाठी २५,००० रुपये करण्यात आली. याच्या बदल्यात कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला औषधोपचार मिळतो. आजारपणाच्या रजेत वर्षातून ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या शेकडा ७० रक्कम मिळते. कामावर इजा होऊन तात्पुरते अपंगत्व आले तर शेकडा ९० मिळते.

आणखी दोन तरतुदी घरोघर माहीत असावयास हव्यात. एक, विमाधारकाचे मूल शारीरिक किंवा मानसिक दृष्ट्या अधू असेल आणि सर्वस्वी त्याच्याच कमाईवर अवलंबून असेल, तर ते अधूपण असेपर्यंत त्या मुलाला कुटुंबात धरले जाते. त्याचे वय वाढले म्हणून त्याचा उपचार तुटत नाही. दोन, कामावरील इजेमुळे कायमचे अपंगत्व येऊन नोकरी सुटली, तरी त्या कामगाराला आणि त्याच्या जोडीदाराला नाममात्र वर्गणी भरून, निवृत्तीचे वय होईपर्यंत, उपचार चालू ठेवता येतो. हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक जण नोकरी सुटली तशी ओळखपत्राची चिठ्ठीही टाकून देतात.

६. जो कमावत नाही त्याचे काय?

ईएसआय हा पगारदाराचा विमा आहे. शेतमजूर, कचरा वेचणारी बाई, रोजंदारीवरचा बिगारी, घरकाम करणारी मावशी आणि ज्याला मुळीच काम करता येत नाही असा अपंग, हे त्याच्या बाहेर राहतात. कमावत्याला संरक्षण आणि न कमावणाऱ्याला वाऱ्यावर सोडणे, हे विनयाच्या नियमात बसत नाही. संविधानातही बसत नाही. अनुच्छेद ४१ मध्ये बेकारी, वार्धक्य, आजार आणि अपंगत्व या प्रसंगी, राज्याने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत, सार्वजनिक साहाय्य देण्याची तरतूद करावी असे सांगितले आहे. अनुच्छेद ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांत घातले आहे.

ही मार्गदर्शक तत्त्वे आहेत, कोर्टातून सरळ बजावून घेता येत नाहीत, असे कोणी म्हणेल. त्याला १९९६ चा निकाल सांगावा. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडून जबर जखमी झालेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही, सोय नाही म्हणून परत पाठविले. शेवटी खासगी रुग्णालयात त्याचे सुमारे १७,००० रुपये खर्च झाले. पश्चिम बंग खेत मजदूर समितीने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. तातडीचा उपचार नाकारणे म्हणजे अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग होय, आणि पैसा नाही ही सबब राज्याला सांगता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले व त्या मजुराला २५,००० रुपये भरपाई देवविली. ही दाद मजुरांच्या संघटनेने मागितली होती. एकट्या मजुराला ती कुठून मागता आली असती?

महाराष्ट्रात न कमावणाऱ्यांसाठी मुख्य आधार आहे तो महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा. २ जुलै २०१२ रोजी ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. २०१३ मध्ये सर्व राज्यात गेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मध्ये आली. २०२४ पासून महाराष्ट्रात दोन्ही मिळून वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, आणि पिवळ्या व केशरी कार्डाबरोबर पांढरे कार्डही धरले जाते. रुग्णालय मात्र योजनेच्या यादीतील असले पाहिजे. तेथे ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो. शिधापत्रिका आणि ओळखीचा पुरावा घेऊन प्रथम त्यालाच भेटावे.

या नावाची एक आठवण ठेवली पाहिजे. १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा जोतिरावांच्या सहधर्मचारिणी सावित्रीबाई यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यांनाही प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या नावामागे असा त्याग आहे, त्या नावाच्या योजनेत गरिबाकडून चोरून पैसे उकळले जात असतील आणि आपण गप्प बसत असू, तर जयंतीला हार घालून काय उपयोग?

अपंगांसाठी आणखी एक कायदा आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारचे अपंगत्व मान्य केले. त्याच्या कलम २४ मध्ये, ज्या अपंगांना ईएसआय किंवा दुसऱ्या सरकारी विम्याचे छत्र नाही त्यांच्यासाठी सर्वंकष विमा योजनेचा उल्लेख आहे. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ योजना स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी असून तीत १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. तीत वयाची अट नाही. आधीपासूनचा आजार म्हणून नकार नाही. रुग्णालयात दाखल न होता घेतलेले उपचार, व्यायामोपचार आणि प्रवासखर्चही ठराविक मर्यादेत धरला जातो. पण दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. ते चुकले की संरक्षण तुटते.

या योजनांचे उणेपणही स्पष्ट सांगितले पाहिजे. मोठ्या योजनांचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर आहे. मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या, चाकाची खुर्ची, घरी सांभाळण्याचा खर्च हे सारे बरेचसे घरावरच पडते. आणि विमा बिल भरतो, तो गावात दवाखाना उभारीत नाही. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आणि औषध असावे ही मागणी विमा आला म्हणून सोडून देता येणार नाही.

७. अमेरिकेतील धडा

मिळालेला हक्क आपोआप टिकतो काय? याचे उत्तर शोधताना, ज्या देशात बाबासाहेबांनी १९१३ ते १९१६ या काळात उच्च शिक्षण घेतले, त्या अमेरिकेकडे पाहणे उपयोगाचे आहे. श्रीमंत देशातही गरिबाला हा झगडा चुकलेला नाही.

३० जुलै १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी सही केलेल्या कायद्याने तेथे वृद्धांसाठी ‘मेडिकेअर’ आणि गरिबांसाठी ‘मेडिकेड’ या योजना आल्या. मेडिकेड केंद्र आणि राज्ये मिळून चालवितात. गरीब मुले, गरोदर स्त्रिया आणि अपंग यांना तिचा आधार आहे. पुष्कळ अपंगांना आश्रमात न जाता आपल्या घरी मदतनीस ठेवून राहता येते, ते तिच्याच पैशावर. २०१० च्या कायद्याने आणखी गरिबांना तीत आणले.

२०१७ साली हा विस्तार रद्द करून मेडिकेडच्या खर्चालाच मर्यादा घालण्याचा घाट घातला गेला. २२ जून २०१७ रोजी अपंग व्यक्ती राजधानी वॉशिंग्टनमध्ये सिनेटमधील बहुमत पक्षाच्या नेत्याच्या कार्यालयाबाहेर जमल्या. काही जण चाकाच्या खुर्च्यांवरून उतरून जमिनीवर आडवे झाले. पोलिसांनी त्यांना उचलून नेले. ४३ जणांना अटक झाली. महिन्याभराने, २८ जुलै रोजी, सिनेटमध्ये रद्द करण्याचा शेवटचा प्रस्ताव ४९ विरुद्ध ५१ मतांनी पडला. ज्यांना जग दुबळे म्हणते त्यांनी स्वतःच्या हक्कासाठी स्वतः उभे राहून, आणि उभे राहता येत नव्हते त्यांनी आडवे पडून, हा लढा दिला.

पण एकदा जिंकले म्हणून कायमचे जिंकले असे झाले नाही. २०१८ साली आर्कान्सा राज्याने मेडिकेडवरील काही प्रौढांना अट घातली : महिन्याला ८० तास काम करावे आणि तसे कळवावे. कळविण्याची पद्धत कटकटीची होती. काही महिन्यांत १८,००० हून अधिक लोकांचे संरक्षण गेले. मार्च २०१९ मध्ये न्यायालयाने ही अट थांबविली. तरीही ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या नव्या कायद्याने विस्तारात आलेल्या प्रौढांसाठी महिन्याला ८० तासांची अट देशभर लावण्याचे ठरविले. अपंगांना आणि गंभीर आजाऱ्यांना सूट आहे, परंतु आपण अपंग आहोत हे कागदावर सिद्ध करावे लागणार.

आता विनयातील प्रसंग पुन्हा आठवा. तो आमच्या उपयोगी पडत नाही, असे भिक्खू म्हणाले होते. महिन्याला ८० तास काम दाखव, मग औषध मिळेल, हा त्याच विचाराचा नवा अवतार आहे. भाषा बदलली, कागद वाढले, विचार तोच राहिला. भगवंतांनी तो अडीच हजार वर्षांपूर्वी नाकारला आहे.

८. हक्क कसा निसटतो आणि विहाराने काय करावे

आपल्याकडे गरिबाचा हक्क मोठ्या घोषणेने काढून घेतला जात नाही. तो कागदात निसटतो. शिधापत्रिकेत सुनेचे नाव चढलेले नसते. आधारवर एक आडनाव आणि कार्डावर दुसरे असते. दीक्षेनंतर ज्यांनी नाव किंवा आडनाव बदलले त्यांच्या घरी ही अडचण नेहमीची आहे. धर्म बदलला म्हणून शिधापत्रिका रद्द होत नाही आणि महात्मा फुले योजनेचा हक्क धर्म पाहून ठरत नाही. पण नावातील तफावत मात्र ऐन वेळी रुग्णाला आडवी येते. कंत्राटदार पगारातून ईएसआयचे पैसे कापतो आणि भरत नाही. अपंगत्वाचा दाखला काढावयास चार हेलपाटे पडतात, म्हणून पाचवा कोणी मारीत नाही.

यावर उपाय आहे आणि तो आपल्या हाती आहे. प्रत्येक विहाराने पुढील कामे अंगावर घ्यावीत.

एक, वस्तीतील प्रत्येक घराची वही करावी. शिधापत्रिका, आधार, आयुष्मान कार्ड, ईएसआय क्रमांक, अपंगत्वाचा दाखला यांपैकी काय आहे आणि काय नाही ते लिहावे. दोन, नावांतील चुका घरात सर्व धडधाकट असतानाच दुरुस्त करून घ्याव्यात. आग लागल्यावर विहीर खणावयास जाऊ नये. तीन, शिकलेल्या दोन तरुणांनी आणि दोन भगिनींनी योजनांची माहिती घ्यावी. जवळची यादीतील रुग्णालये कोणती, हे फलकावर लिहून ठेवावे. महात्मा फुले योजनेचा दूरध्वनी १५५३८८ आणि आयुष्मान योजनेचा १४५५५ हाही लिहावा. चार, योजनेत बसणाऱ्या उपचारासाठी कोणी पैसे मागितले तर पावती मागावी आणि लेखी तक्रार करावी. एकट्याने जाऊ नये, चौघांनी जावे. पाच, कामगाराने आपला विमा क्रमांक विचारून घ्यावा व वर्गणी भरली जाते की नाही ते पाहावे. कंत्राटदाराने भरली नाही तर मूळ मालकाची जबाबदारी असते. सहा, ज्या घरी अधू मूल आहे तेथे विहाराच्या भगिनींनी स्वतः जावे, आईला धीर द्यावा, दाखल्यासाठी तिच्याबरोबर जावे आणि त्या मुलाला रविवारच्या वंदनेला पहिल्या रांगेत बसवावे.

हे करताना सौजन्य सोडू नये. तक्रार करावी, पण खोटी करू नये. ज्याला हक्क नाही त्याने खोटा दाखला काढू नये; ते अदिन्नादान होईल आणि खऱ्या गरजूच्या तोंडचा घास जाईल. आपला हक्क मागणे आणि दुसऱ्याचा हिसकावणे यांतील भेद पंचशीलाने आपल्याला शिकविला आहे.

भगवंतांनी एका आजाऱ्याला उचलले तेव्हा डोक्याकडून एक आणि पायांकडून एक, असे दोघे लागले. एकट्या माणसाने आजारी उचलला जात नाही. शिका, संघटित व्हा आणि संघर्ष करा हा बाबासाहेबांचा आदेश येथेही लागू आहे. योजना काय आहे ते शिकावे, वस्ती संघटित करावी आणि जेथे हक्क निसटेल तेथे तो परत मिळेपर्यंत झगडावे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आजारी भिक्खूची सेवा न करण्याचे कोणते कारण इतर भिक्खूंनी सांगितले? ते भगवंतांनी का मान्य केले नाही?

२. दया आणि नियम यांत काय फरक आहे? आपल्या वस्तीतील एक उदाहरण सांगा.

३. सिगालोवाद सुत्तातील मालकाचे तिसरे कर्तव्य आणि ईएसआय कायदा यांचा संबंध स्पष्ट करा.

४. आपल्या घरातील प्रत्येक व्यक्तीचे नाव शिधापत्रिकेत आणि आधारवर सारखे आहे काय? पुढील रविवारी वंदनेला येताना पाहून या.

जय भीम! नमो बुद्धाय!